पुढच्या गावचा कोट

मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत आमच्या मॅरोबीतल्या सगळ्या बायका एक गोष्ट पाळतात. शनिवारी लोक आपापल्या गॅरेजमध्ये जुन्या वस्तू विकायला मांडतात, तिथून ताटल्या घ्या, दिवे घ्या, सायकली घ्या, बर्फ ओढायचं फावडं घ्या, पण पोरांच्या अंगावर चढणारी वस्तू घ्यायची ती पुढच्या गावातून. आमच्यासाठी पुढचं गाव म्हणजे तळ्यापलीकडचं लिंडग्रोव्ह. कारण उघड आहे. आमची शाळा एक आणि प्रत्येक इयत्तेचा वर्गही एकच. तुमच्या पोराने ज्याचा जुना स्वेटर घातलाय, तो पोरगा शेजारच्या बाकावर बसलेला असतो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही आणि याबद्दल कुणी बोलतही नाही. लिंडग्रोव्हच्या बायका आमच्याकडे येतात, आम्ही त्यांच्याकडे जातो, आणि मध्ये पेट्रोल भरताना गाठ पडली तर हवेबद्दल बोलतो. माझी तीन मुलं अशीच मोठी झाली आणि त्यांना कधी खाली बघायला लागलं नाही.

माझा थोरला भाऊ ऑरिन याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने जन्मभर धान्याच्या कोठारावर काम केलं. बायको होती तेव्हा कपडे कपाटात आपोआप उगवतात अशी त्याची समजूत होती. ती गेल्यावर त्याने कपडे घेणंच सोडून दिलं. असा हा माणूस, आणि जूनमध्ये त्याच्या घरी दोन नाती राहायला आल्या.

त्याची मुलगी कर्स्टन मोठा ट्रक चालवते. इथून थेट समुद्रापर्यंत जाऊन परत यायचं, त्यामुळे आठवडा-आठवडा घरी नसते. नवरा गेल्यापासून ती पोरींना घेऊन या शहरातून त्या शहरात, मैत्रिणीच्या घरातून भाड्याच्या घरात, अशी फिरत होती. शेवटी तिने बापाला फोन केला. ऑरिन फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी जात नाही. तो म्हणाला, "वरची खोली रिकामीच आहे. कधी येताय?"

धाकटी ज्युनी पाच वर्षांची. आल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती शेजारच्यांच्या कुत्र्याची मालकीण झाली होती. थोरली मारेन अकरा वर्षांची. तिने आपली निळी सुटकेस पलंगाखाली सरकवली आणि तिच्यातच राहू लागली. सकाळी बॅग ओढायची, कपडे काढायचे, धुऊन आलेले घडी करून परत तिच्यातच ठेवायचे, चेन लावायची, बॅग आत सरकवायची. ऑरिनने तिच्यासाठी कपाटाचे चार खण रिकामे करून, पुसून, आत फुलाफुलांचा कागद अंथरून ठेवले होते. कागद तेवढा दिसत होता.

जुलैच्या शेवटी एकदा आम्ही त्याच्या मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसलो होतो.

"शहाणी आहे गं पोरगी," ऑरिन म्हणाला. "भांडी धुते. बहिणीचे केस विंचरते. पाणी दिलं तरी थँक्यू म्हणते. पाहुणीसारखी राहते, आर्ला."

"बॅगेचं विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, कशाला काढू आजोबा, परत भरायलाच लागणार ना."

मग त्याने कपात बघितलं. आमच्या घराण्यात हे रडण्याच्या अगदी जवळचं समजतात.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "थंडीचं काय करायचं? दोघींकडे धड कोट नाहीत. मोठ्या दुकानात नेऊ का?"

"ने. दोन कोट, दोन जोडी बूट, बर्फातल्या विजारी, मोजे, टोप्या. आणि पुढच्या वर्षी सगळं पुन्हा, कारण पोरं काही तुझ्यासारखी एका मापाची राहत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या शनिवारी लिंडग्रोव्हचा गॅरेज सेल आहे. तू गाडी चालव. बाकी मी बघते."

*

माझी तयारी ठरलेली असते. कापडाची पिशवी, तिच्यात मोजपट्टी, खेळण्यांत घालून बघायला दोन-तीन सेल, सुट्टे पैसे, आणि गाठी मारलेला एक दोरा. आदल्या रात्री पोरींची कंबर, पाय, हात दोऱ्यावर मोजून गाठी मारायच्या. म्हणजे पोरं कुरकुरत गाडीतच बसली असली तरी विजार बरोबर मापाची येते. अर्थात गाठीच्या पुढे दोन बोटं सोडून. आज बसणारा कपडा नोव्हेंबरात कामाचा नसतो.

सकाळी पिकअपमध्ये चौघं एका ओळीत बसलो. ज्युनी माझ्या अंगावर, मारेन खिडकीशी.

"आर्लाआजी, हे दुसऱ्या गावात आहे ना?" मारेनने विचारलं.

"हो. तळ्यापलीकडे."

"तिथली मुलं आमच्या शाळेत येणार?"

"नाही. त्यांची शाळा वेगळी."

ती खिडकीबाहेरच्या मक्याच्या शेतांकडे वळली. मग एकदम सांगायला लागली. मागच्या शाळेत तिच्याकडे एक जीन्स होती, खिशावर फुलपाखरू भरलेली. तिला फार आवडायची. एक दिवस डबे उघडताना एक मुलगी म्हणाली, ती माझी होती, आम्ही दानाच्या पेटीत टाकली होती. त्या दिवसानंतर जीन्स बॅगेच्या तळाशी.

"जुनं घालायला मला काही वाटत नाही," मारेन म्हणाली. "पण ज्याचं होतं तो माणूस तिथे नको."

"म्हणून तर पुढच्या गावी निघालोय," मी म्हणाले, आणि आमचा तो न बोलायचा नियम तिला सांगून टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच मी तो मोठ्याने बोलले. ऐकायला एकदम पक्का वाटला.

ऑरिन म्हणाला, "असं असतं होय?"

"तुझी मुलगी वाढली ती काय कॅटलॉगातून? लिंडग्रोव्हातूनच वाढली."

तो पुढचा सगळा रस्ता यावर विचार करत होता.

लिंडग्रोव्हात मी नव्या घरांकडे गाडी नेऊच देत नाही. तिथे व्यायामाची यंत्रं आणि न उघडलेली लग्नातली भांडी मिळतात. चर्चच्या मागच्या जुन्या गल्ल्यांत जायचं आणि अंगणात पडलेल्या सायकली बघायच्या. आपल्या पोरापेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठ्या पोराची सायकल दिसली की तिथे उतरायचं. त्या आईने पोर एकदमच वाढलं म्हणून नाइलाजाने चांगला कपडा बाहेर काढलेला असतो. कापडाचा आधी वास घ्यायचा. तळघराचा वास धुऊन जात नाही. मग बगलेची शिवण आणि चेन. रंग, फॅशन सगळ्यात शेवटी.

पोरींना खर्चायला थोडे थोडे पैसे त्यांच्याच हातात दिले होते. हे मी नेहमी करते. आपलं काही घ्यायचं असलं की पोरं "चला ना" म्हणून हात ओढत नाहीत. ज्युनीने पहिल्याच गॅरेजमध्ये बोलिंगच्या स्पर्धेतला चषक घेतला. त्यावर कुणा ड्वेनचं नाव कोरलेलं होतं.

"हे तुझं नाव नाही गं," ऑरिन तिला म्हणाला.

"मला माहितेय. मी जिंकलंय असं नाही म्हणणार. मी घेतलंय म्हणणार."

ऑरिनचं वेगळंच संकट होतं. त्याला हातात घेतलेली वस्तू परत ठेवता येत नाही. समोर मालकीण बसलेली असताना ते त्याला बरं दिसत नाही. म्हणून तो हात खिशात घालून फिरत होता. एका ठिकाणी चुकून हात बाहेर आला आणि तो वॉफल करायचं यंत्र घेऊन बाहेर आला. आमच्याकडे अशा वस्तूवर कागदी चिकटपट्टी लावून तिचे गुणदोष खरेखरे लिहायची पद्धत आहे. कोड्याच्या डब्यावर 'एक तुकडा कमी, आभाळातला.' टोस्टरवर 'चालतो. डावी बाजू करपवतो.' ऑरिनच्या यंत्रावर लिहिलं होतं: 'झाकण लागत नाही. वर वीट ठेवा.'

"वाचलं होतंस का घ्यायच्या आधी?"

"वाचलं. पण तोवर हातात होतं."

लाल दाराच्या गॅरेजपाशी मारेन थांबली. कपड्यांच्या दांडीवर एक हिरवा कॉर्डरॉयचा कोट होता. आत लोकर, मागे टोपी, लाकडी बटणं. तिने हात लावला नाही. उलटी बोटं बाहीला जरा टेकवून बघितली, जसं आपण भाजलेल्या पावाला बघतो.

मी कोट काढून तपासला. शिवण घट्ट, वास साबणाचा, बाह्या दोन बोटं लांब. कॉलरच्या आत एक लहानशी फिकट चौकट होती. कुणीतरी नावाची पट्टी टाका-टाका उसवून काढली होती, आणि कापडाला ओरखडा नव्हता. मला त्या अनोळखी बाईबद्दल एकदम आदर वाटला. बाहीवरच्या चिकटपट्टीवर दोनच ओळी होत्या: 'खूप उबदार. डावा खिसा फाटका नाही.'

मी डाव्या खिशात हात घातला तर तो थेट अस्तरात गेला. चांगला मूठभर भसका होता.

"फाटका नाही म्हणे," मी पुटपुटले. "सात टाक्यांचं काम आहे. घे तू."

खुर्चीत बसलेली उंच बाई आमच्याकडे बघून हसली. एवढंच म्हणाली, "चांगल्या पोरीचा आहे." ऑरिनने तिला मागितल्यापेक्षा जास्त पैसे दिले, कारण सुट्टे मागणं त्याला बरं दिसेना. घरी आल्यावर मी खिसा इतका बारीक शिवला की माझा मलाच टाका सापडेना.

*

ऑक्टोबरच्या पहिल्या गोठवणाऱ्या सकाळी मारेन तो कोट घालून शाळेत गेली. संध्याकाळी ऑरिनचा फोन आला.

"कोट खुंटीवर आहे."

"मग?"

"दाराजवळच्या खुंटीवर. माझ्या कोटाच्या शेजारी. बॅगेत नाही ठेवला तिने, आर्ला. आली आणि टांगला."

"तू काही बोलला नाहीस ना?"

"वेडा आहे का मी?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन: आहे, खुंटीवरच आहे. तिसऱ्या दिवशी मी फोनची वाट बघत होते. तो आला, पण आवाज वेगळा होता.

"खुंटी रिकामी आहे. नुसत्या स्वेटरवर चालत आली, कोट दप्तरात कोंबून. ओठ निळे झालेत. काही सांगत नाही."

मी गेले तेव्हा ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. खाली सुटकेसची चेन पूर्ण लागलेली. मी काठावर बसले आणि मोजे विणायला घेतले. अर्धा पंजा झाला तेव्हा ती बोलली.

"ॲनिका बर्गलंड आहे ना माझ्या वर्गात. दोन दिवस ती आली नव्हती. आज सगळे कोट काढत होतो तेव्हा ती ओरडली. तो माझा कोट आहे. सगळ्यांनी बघितलं."

"माझा म्हणजे तिचा?"

"तिचा. हाच. कोपरावरचा डागसुद्धा सांगितला तिने." मारेन माझ्याकडे वळली. "तुम्ही म्हणाला होतात, पुढच्या गावचा आहे."

"होता गं. पुढच्याच गावातून घेतला आपण."

"मग तिचा कसा झाला?"

तीन मुलं मोठी केली, शेजारणींना सल्ले दिले, दोरे-गाठी केल्या, आणि एका पोरीला दिलेला एक शब्द मला पाळता आला नव्हता. खाली ऑरिन स्वयंपाकघरात नुसता उभा होता.

"आता तर ती बॅग कधीच सुटणार नाही," तो म्हणाला. "कुठेही गेलं तरी हेच होतं असं वाटत असेल तिला. आणि इथे तर मी होतो."

*

आमच्याकडे कुणाच्या दारात जाऊन 'तुमचा कोट आमच्याकडे कसा' असं विचारत नाहीत. आधी काहीतरी भाजून न्यावं लागतं. मी खजुराच्या वड्यांचा ट्रे घेऊन दुसऱ्या दिवशी हायडी बर्गलंडकडे गेले. ती बँकेत असते, ओळख चर्चपुरती. तिने कॉफी ठेवली. आम्ही थंडी यंदा लवकर आली यावर बोललो, मक्यावर बोललो, पाळकांच्या गुडघ्यावर बोललो. मग मी निघाले, कारण खरं बोलणं आमच्याकडे उंबऱ्यावर, कोटाची बटणं लावताना होतं.

"तो हिरवा कोट," मी पहिलं बटण लावत म्हटलं.

हायडीचा चेहरा पडला. "काल ॲनिकाने सांगितलं. आर्ला, मी रात्रभर झोपले नाही. असं होऊ नये म्हणून तर मी सगळे कपडे माझ्या बहिणीकडे पाठवते. लिंडग्रोव्हला. इथे विकले असते तर कुणाच्या तरी पोरीला शाळेत ओशाळं वाटलं असतं."

"लाल दाराचं गॅरेज?"

"तीच माझी बहीण. मी नावाची पट्टीसुद्धा काढली होती."

"बघितली. फार सुरेख काढली होतीस."

"थँक्यू."

आम्ही दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. तिने मला ओशाळं वाटू नये म्हणून कोट तळ्यापलीकडे पाठवला होता, आणि मी तिला कळू नये म्हणून तळ्यापलीकडे जाऊन तो आणला होता.

"अजून कोण कोण पाठवतं गं तिकडे?" मी विचारलं.

हायडीने आवाज खाली आणला. "टॉर्केल्सनांकडची. डॉक्टरीणबाई. आमच्या गल्लीत तर सगळ्याच." आणि मग तिला हसू आवरेना, आणि मलाही. म्हणजे इतकी वर्षं अर्ध्या गावाचे स्वेटर तळ्याला वळसा घालून परत आमच्याच शाळेत येत होते. लिंडग्रोव्हातून आणलेली माझ्या थोरल्याची लाल टोपी आठवून मला दाराची चौकट धरावी लागली.

तेवढ्यात ॲनिका जिन्यावरून खाली आली. उंच, दातांना तारा, आवाज पाचवीच्या वर्गापेक्षा मैदानाला शोभणारा.

"तिने खिसा बघितला का?" तिने मला विचारलं.

"कुठला?"

"डावा. मी तेच सांगत होते, पण ती निघूनच गेली. त्या खिशातून आत हात घातला की कोटात सगळीकडे जाता येतं, पार पाठीपर्यंत. मी मुद्दाम केला होता. चर्चमध्ये आत पुस्तक ठेवता येतं. मावशीला सांगून मी चिकटपट्टीवर लिहायलासुद्धा लावलं होतं."

"ते मी वाचलं," मी म्हटलं. "आणि शिवून टाकला."

बुजवलेल्या विहिरीकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"पण आत दगड आहे," ती म्हणाली. "मी ठेवलाय. ज्याला कोट मिळेल त्याला."

*

त्याच संध्याकाळी हायडीची गाडी ऑरिनच्या घरापुढे थांबली. हायडी गाडीतच बसून राहिली आणि फोनकडे बघायचं नाटक करू लागली. ॲनिका एकटी दारात आली. ऑरिन आणि मी स्वयंपाकघरात एकच वर्तमानपत्र दोन बाजूंनी धरून बसलो. ज्युनीने दार उघडलं आणि ड्वेनचा चषक दाखवून सांगितलं, "मी हे घेतलंय."

मारेन जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"तू सगळ्यांसमोर म्हणालीस," ती तिथूनच म्हणाली.

"मला वाटलं तुला आवडेल," ॲनिका म्हणाली. "तो कोट मला होईना म्हणून मी रडले होते. मग तो तुला झाला ते बघून मला एकदम बरं वाटलं."

"मग हळू सांगायचं."

"मला हळू बोलता येत नाही. आई रोज सांगते." आणि तिने प्रयत्न करून जरा हळू म्हटलं, "आत दगड आहे."

"कुठे आत?"

"तुझ्या आजीने शिवून टाकलाय खिसा."

वर्तमानपत्राच्या पलीकडून ऑरिनने माझ्याकडे बघितलं. मी उठून शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री काढली, जिन्यापाशी ठेवली आणि परत येऊन बातमी वाचू लागले. वर सुटकेसची चेन उघडल्याचा आवाज आला. मध्येच अडकली, पुन्हा ओढली.

"अगं किती बारीक शिवलंय," ॲनिकाचा आवाज.

"ती सगळंच बारीक करते," मारेन म्हणाली. "कोबीसुद्धा."

मग ज्युनी धावत आली. तिच्या हातात तळ्याकाठी मिळतो तसा तांबड्या पट्ट्यांचा दगड होता. तिला तो फक्त दाखवायला दिला होता, ठेवायला नाही, हे तिने आम्हाला दोनदा सांगितलं.

मला ती वस्तू आधी हाताला लागली होती. कोटाच्या काठाशी काहीतरी कडक. मला वाटलं, पडलेलं बटण असेल.

त्या रात्री कोट परत खुंटीवर आला. सुटकेस मात्र पलंगाखालीच होती. ऑरिनने खण उघडून बघायचंही सोडून दिलं. पोरीच्या खोलीत डोकावणं त्याला बरं दिसत नव्हतं. थंडीभर मारेन त्या कोटात इतक्या वस्तू भरून हिंडली की दुरून ती जरा वाकडी दिसायची. ॲनिका दर शनिवारी येऊन विटेखालचे वॉफल खायची आणि इतक्या मोठ्याने बोलायची की शेजारचा कुत्राही भुंकून बोलण्यात भाग घ्यायचा. मधूनमधून कर्स्टन यायची, दोन दिवस झोपायची, पोरींना कुरवाळायची आणि परत ट्रकवर चढायची. ती आली की ऑरिन जिन्याकडे कान लावून बसायचा. आता 'चला' म्हणेल, आणि वरून बॅग खाली येईल. तसं काही झालं नाही, पण त्याचे कान काही खाली आले नाहीत.

*

मेमध्ये आमच्या मॅरोबीचा सेल असतो. ऑरिनने जन्मात पहिल्यांदा गॅरेजचं दार उघडून टेबलं मांडली, कारण मारेनने त्याला मांडायला लावली. चिकटपट्ट्या तिनेच लिहिल्या. 'घड्याळ. पाच मिनिटं पुढे, पण रोज तेवढंच.' 'मासेमारीची खुर्ची. आजोबा एकदा पडलेत.' मी सकाळी कॉफीचा थर्मास घेऊन पोचले तर ऑरिन मला गॅरेजच्या कडेला घेऊन गेला.

"तिसरं टेबल बघ."

तिसऱ्या टेबलावर निळी सुटकेस होती. पुसून चकचकीत केलेली. पट्टीवर लिहिलं होतं: 'चांगली आहे. पुष्कळ फिरली आहे. उजवीकडची चेन अडकते, मेणबत्ती घासा.'

"तिचे कपडे कुठेत?" ऑरिन हलक्या आवाजात म्हणाला. "दुसरी बॅग घेतली का? मोठी? कर्स्टन काही बोललीये का तुला?"

"जाऊन बघ ना वर."

"तसं कसं."

"जा रे बाबा."

तो गेला. गॅरेजच्या बरोबर वर तिची खोली आहे. मला लाकडी खण ओढल्याचा आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्याला जरा वेळ लागला. तो नेहमी अडतो. मग चौथा. मग चारही हळूच आत ढकलल्याचे आवाज.

तो खाली आला तेव्हा मारेन टेबलापाशी उभी होती.

"खण उघडलेस ना?" ती म्हणाली. "ऐकू आलं."

"सगळं आत आहे," ऑरिन म्हणाला.

"थंडीपासूनच आहे, आजोबा. तू बघितलंच नाहीस."

तेवढ्यात लिंडग्रोव्हची एक बाई, हातात गाठी मारलेला दोरा घेऊन, तिसऱ्या टेबलापाशी थांबली. तिने सुटकेस उचलली, चाकं फिरवून बघितली, पट्टी वाचली, आणि मान हलवून परत ठेवली.

ज्या माणसाने आयुष्यात कुणाला काही गळ्यात मारलं नव्हतं, तो माझा भाऊ तीन पावलांत टेबलाशी पोचला.

"घेऊन जा बाई," तो म्हणाला. "निम्म्यात."

बाई दचकली. "नाही, मी आपलं नुसतं..."

"बरं, फुकट. गाडीपर्यंत आणून देतो."

"आजोबा," मारेन म्हणाली, "बॅग माझी आहे. किंमत मी ठरवणार." मग ती त्या बाईकडे वळली आणि चेन उघडून दाखवू लागली. आतला लवचिक पट्टा किती घट्ट आहे, वरच्या कप्प्यात ओले मोजे ठेवले तर खाली ओल कशी येत नाही, गाडीत पायांखाली आडवी ठेवली तर धाकट्या भावंडाला वर कसं बसता येतं. बाईने पूर्ण किंमत दिली.

ती बॅग ओढत गाडीकडे निघाली. चाकं खडीवर खडखडत होती. ती दार उघडते तोवर मारेन घरातून अर्धी मेणबत्ती घेऊन धावत तिच्या मागे गेली.

मी थर्मासमधून ऑरिनला कॉफी ओतून दिली. तो मासेमारीच्या खुर्चीवर बसला आणि कपात बघत राहिला. कप केव्हाच रिकामा झाला होता, तरी बघत होता.

"वीट कुठे ठेवलीस रे?" मी थोड्या वेळाने विचारलं. "वॉफलचं यंत्र दिसत नाही टेबलावर."

"ते विकायचं नाही," तो म्हणाला. "शनिवारी ॲनिका येते."